पाककृतीच्या साइटवर जाहिरात कुठे लावावी

पुरणपोळीची कृती वाचणारी बाई बहुतेक वेळा ओट्यापाशी उभी असते. मोबाइल डब्याला टेकवलेला आणि बोटांना कणीक. साइटवर जाहिराती लावताना हे चित्र डोळ्यांसमोर ठेवा, निम्मे निर्णय तिथेच होतात. खालची कृती गूगल अॅडसेन्स वापरणाऱ्या, महिन्याला काही हजार पानं वाचली जाणाऱ्या साइटसाठी आहे.

पहिले चार आठवडे जाहिरातींच्या जागांना हात लावू नका, फक्त वहीत नोंद ठेवा. अॅडसेन्सच्या अहवालातला पेज आरपीएम, म्हणजे हजार पानांमागची कमाई, मोबाइल आणि कॉम्प्युटर असा वेगवेगळा लिहून काढा. ८,००० पानं पाहिली गेली आणि ४ डॉलर आले, तर आरपीएम अर्धा डॉलर. शेजारी अॅक्टिव्ह व्ह्यूची टक्केवारीही लिहा. साधी जाहिरात निम्मी तरी सलग एक सेकंद पडद्यावर राहिली, तरच ती 'दिसली' असं धरतात. ही टक्केवारी कमी असेल तर जाहिराती वाढवून उपयोग नाही, त्या चुकीच्या जागी आहेत.

दरम्यान तुमच्या साइटवरची जागा कोण विकू शकतं हे सांगणारी अॅड्स डॉट टीएक्सटी ही फाइल तपासा. त्यातली ओळ अॅडसेन्स तयार देतं, ती तुमच्या डोमेनवर चढवली की झालं.

आता जागा. पानावरच्या जाहिराती आधी दोनवर आणा. पहिली साहित्याच्या यादीखाली, कृती सुरू होण्याआधी. वाचणारी इथे आपसूक थांबते, डबे काढते, वेलची आहे का बघते. पडदा तेवढा वेळ स्थिर असतो. दुसरी कृती संपल्यावर, टिपांच्या आधी. पायऱ्यांच्या मध्ये जाहिरात नको म्हणजे नको. पाक एकतारी झाला का हे बघणाऱ्या माणसाला त्या क्षणी गृहकर्ज दाखवून काय मिळणार? मीही एका दिवाळीत चकलीच्या पानावर सहा जाहिराती कोंबल्या होत्या. भाजणीचं प्रमाण शोधता शोधता माझ्याच आईने पान बंद केलं.

'कृतीकडे जा' बटण किंवा फोटो पुढे सरकवायचा बाण यांच्यापासून जाहिरात लांब ठेवा. चुकून झालेल्या क्लिकचे पैसे गूगल वजा करतं आणि प्रकार वाढला तर खातंही बंद होतं. म्हणून स्वतःच्या जाहिरातीवर बोट ठेवायचं नाही आणि घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मावशी-आत्यांना 'जरा क्लिक करा गं' असंही सांगायचं नाही. जाहिरातीच्या वर मथळा द्यायचाच तर 'जाहिरात' एवढाच. 'उपयोगी लिंक' लिहाल तर ती वाचकाची फसवणूक.

जाहिरातीची जागा आधीच राखून ठेवा. ३०० बाय २५० ची जाहिरात असेल तर त्या चौकटीची किमान उंची २५० पिक्सेल. नाहीतर जाहिरात उशिरा उगवते, मजकूर खाली उडी मारतो आणि बोट भलतीकडे पडतं. ही उडी मोजणारा सीएलएसचा आकडा ०.१ च्या आत हवा. ऑटो अॅड्स चालू असतील तर पूर्ण पडदा झाकणारी जाहिरात बंद करा. तिने चार पैसे जास्त येतात, पण वाचक परत येत नाही.

यापुढे एका वेळी एकच बदल, आणि पुन्हा चार आठवडे थांबायचं. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यांची तुलना जानेवारीशी करू नका. सणाला जाहिरातदार सढळ असतात, नव्या वर्षात हात आखडतात. पटकन श्रीमंत व्हा, झटपट वजन घटवा असले विषय सेटिंगमधून रोखा. मात्र फार रोखत बसाल तर बोली लावणारेच कमी होतील.

खात्यात १० डॉलर जमले की पत्त्याच्या पडताळणीचा पिन टपालाने येतो, तेव्हा पत्ता पोस्टमनला सापडेल असा लिहा. पैसे मात्र १०० डॉलर झाल्यावरच मिळतात. महिन्याला ४ डॉलर म्हणजे २५ महिने. तोवर गावातल्या एखाद्या मसालेवाल्याला महिन्याचा ठरावीक दर सांगून साहित्याच्या यादीखालची ती जागा देऊन बघा. त्याच्या लिंकला 'स्पॉन्सर्ड' हा टॅग लावायला विसरू नका.