शोकाची सीमा आणि मैत्रीचा विस्तार

आपल्या घरातील एक मृत्यू वर्षानुवर्षे सलत राहतो. दूरच्या प्रदेशातील शेकडो मृत्यूंची बातमी मात्र आपण वाचतो आणि पान उलटतो. हा मनाचा कोडगेपणा म्हणावा की मनाचा स्वभाव?

श्रावस्तीची उपासिका विशाखा नातीच्या मृत्यूने व्याकूळ होऊन तथागतांकडे आली. नगरातील सर्वच माणसे तुला नातीइतकी प्रिय असावीत असे वाटते का, असे तथागतांनी विचारले. ती ‘होय’ म्हणाली. मग श्रावस्तीत दररोज किती माणसे मरतात, हा पुढचा प्रश्न आला. रोज कोणी ना कोणी मरतेच, हे मान्य करताच तिला उमगले की, तसे झाले तर शोकावाचून एक दिवसही जाणार नाही. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात विशाखेच्या या सांत्वनाला स्थान दिले आहे. या कथेतून आपण अनित्यतेचा बोध घेतो. परंतु शोक करण्याची मानवी शक्ती मर्यादित आहे, हेही तिच्यातून कळते. जो जवळचा, ज्याचे नाव आणि चेहरा ठाऊक, त्याच्याकडेच ती वळते. यात दोष नाही.

मात्र कोणाचे नाव आणि चेहरा आपल्यापर्यंत पोहोचावा, हे निसर्ग ठरवत नाही, समाज ठरवतो. २ नोव्हेंबर २०१८ रोजी यवतमाळ जिल्ह्यात टी-१ वाघिणीला गोळी घालण्यात आली. ‘अवनी’ हे तिचे नाव देशभर पोहोचले, तिच्या दोन बछड्यांसाठी लोक हळहळले, मुंबईसारख्या शहरांत निदर्शने झाली. ते दुःख खोटे नव्हते. परंतु पांढरकवडा परिसरातील ज्या तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका तिच्यावर होता, त्यांतील एकाचे तरी नाव आपल्याला सांगता येईल काय? उलट, ज्यांना भीतीच्या छायेत शेतात जावे लागत होते, त्या गावकऱ्यांना वाघिणीच्या मृत्यूने हायसे वाटले. दोन्हीकडे शोक अपुराच होता. फरक इतकाच की, एका बाजूचा शोक देशाने ऐकला.

गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये गुदमरून मरणाऱ्या सफाई कामगारांचेही असेच आहे. २७ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १९९३ पासून अशा प्रकारे मृत्यू पावलेल्यांची कुटुंबे शोधून प्रत्येकी दहा लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. भरपाई द्यायची तर मृत कोण, हे आधी शोधावे लागते. ज्यांच्यासाठी समाजाने अश्रू ढाळले नव्हते, त्यांची नावे नोंदवण्याचे काम कायद्याने करायला लावले. न्याय अश्रूंवर अवलंबून ठेवता येत नाही, तो याचसाठी.

नावाचे सामर्थ्य आपल्या समाजाला निराळे सांगावे लागत नाही. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत कंपनीच्या बाजूने पडलेल्या ४९ जणांची नावे कोरेगावच्या स्तंभावर कोरलेली आहेत. त्यांतील २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे, म्हणून ते महार सैनिक होते हे आपण जाणतो. ती नावे दगडावर नसती, तर १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेबांनी कोणापुढे अभिवादन केले असते? त्या काळी मरण पावलेल्या इतर असंख्य पूर्वजांची नावे कुठेच लिहिलेली नाहीत. त्यांच्यासाठी शोक करायला आपल्याजवळ आधारच उरलेला नाही.

बाबासाहेबांनी करुणा आणि मैत्री यांत भेद केला. करुणा माणसांपुरती, मैत्री त्याही पलीकडे, सर्व प्राणिमात्रांपर्यंत. म्हणून वाघिणीसाठी हळहळणाऱ्याला दोष देण्याचे कारण नाही. त्याला तेरा माणसांपर्यंत आणणे हे आपले काम. सर्वांसाठी रडणे विशाखेलाही शक्य नव्हते. प्रत्येक जीवाचे मोल मान्य करणे मात्र शक्य आहे, कारण त्याला अश्रू लागत नाहीत, सवय लागते. आपल्या मुलांना ही सवय लावायची असेल तर एक साधा आरंभ पुरे. मृत्यूची बातमी वाचताना आकड्यावर थांबू नये. मेलेला कोण होता, कोणते काम करीत होता आणि त्याच्यामागे कोण उरले, हे विचारावे. उत्तर मिळाले तर लिहून ठेवावे.