वीज कोसळावी तशी डोकेदुखी

डोके दुखणे ही घरोघरची तक्रार. बाम चोळावा, गोळी घ्यावी आणि कामाला लागावे, ही आपली रीत. आम्ही डॉक्टर नाही, बँकेत लेखनिक आहोत. परंतु एका डोकेदुखीबाबत ही रीत जिवावर बेतू शकते, असे वाचनातून समजले. ते येथे मांडतो.

ही वेदना एका मिनिटाच्या आत कळस गाठते. 'असे डोके जन्मात दुखले नव्हते', असे रोगी सांगतो. पुढे दोन-तीन आठवडे ती पुनःपुन्हा उठते. मेंदूला रक्त पुरविणाऱ्या धमन्या ठिकठिकाणी आकसतात. तपासणीच्या चित्रात त्या मण्यांच्या माळेसारख्या दिसतात. १९८८ साली कॉल व फ्लेमिंग यांनी या विकाराचे वर्णन केले. २००७ मध्ये त्यास 'रिव्हर्सिबल सेरेब्रल व्हॅसोकॉन्स्ट्रिक्शन सिंड्रोम' हे नाव मिळाले. रिव्हर्सिबल म्हणजे पूर्ववत होणारे. बहुतेकांच्या धमन्या तीन महिन्यांत मोकळ्या होतात. मात्र काहींना या काळात पक्षाघात किंवा मेंदूत रक्तस्राव होतो.

हा विकार स्त्रियांत अधिक आढळतो. बाळंतपणानंतरचे पहिले काही आठवडे, सर्दीच्या गोळ्यांतील फेनिलएफ्रिन, स्यूडोएफेड्रिन ही औषधे, अर्धशिशीची व नैराश्याची काही औषधे, गांजा ही त्याची ज्ञात निमित्ते. जोर करणे, खोकणे, आंघोळ यांनीही कळ उठते. बाळंतिणीचे डोके एकाएकी फुटू लागले की आपल्याकडे 'वारा लागला', 'बाहेरचे झाले' म्हणतात. अंगारा-धुपाऱ्यात मोलाचे तास जातात.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. मेंदूतील धमनीचा फुगा फुटला तरी दुखणे असेच सुरू होते. दोहोंतील फरक घरी कळत नाही, त्यासाठी सी.टी. स्कॅन व धमन्यांची तपासणी लागते. पहिल्या आठवड्यात धमन्या निर्दोष दिसू शकतात, म्हणून डॉक्टर पुन्हा तपासणी सांगतील तर ती टाळू नये.

आपला अहिल्यानगर जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा. अकोल्याच्या डोंगरी वाड्यांपासून जामखेडपर्यंत अंतरे लांब. परंतु २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका विनामूल्य मिळते. तेव्हा वाचकहो, इतके करावे: दुखणे सुरू झाल्याची वेळ लक्षात ठेवावी, घेतलेल्या गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत, बाळंतपण झाले असल्यास ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. सकाळपर्यंत वाट पाहू नये.