मरणोत्तर विलंब आणि मेंदूतील रासायनिक मापने

मेध्य द्रव्यांच्या माहितीपत्रकांत ‘या योगाने उंदरांच्या मेंदूतील गाबाचे प्रमाण वाढले’ अशा आशयाची विधाने वारंवार आढळतात. भंडारा, तुमसर, साकोली, पवनी येथील आपल्या व्यवसायबंधूंच्या टेबलावरही अशी पत्रके येतात आणि त्यांच्या आधारे रुग्णाला अनिद्रेसाठी वा अपस्मारासाठी औषध दिले जाते. औषधनिर्माते सदस्य तर त्यांवरून नव्या योगाचा विचार करतात. म्हणून वाढीचा आकडा पाहण्यापूर्वी एक प्रश्न विचारणे अगत्याचे आहे. प्राण्याचा मृत्यू आणि त्याचा मेंदू गोठवणे, यांत किती वेळ गेला?

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के असते, परंतु विश्रांतीच्या काळात शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी जवळजवळ २० टक्के तो एकटा वापरतो. ऊर्जेचा साठा मात्र त्याच्याजवळ अत्यल्प असतो. रक्तप्रवाह थांबताच एक-दोन मिनिटांत एटीपी व फॉस्फोक्रिएटिन बहुतांशी संपतात, लॅक्टिक आम्ल साचते आणि ऊतीची आम्लता वाढते. ऑलिव्हर लॉरी व सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत हा क्रम सेकंदांच्या हिशेबाने दाखविला.

येथे ध्यानात घेण्याची गोष्ट अशी, की प्राणी मृत झाला तरी त्याच्या मेंदूतील एन्झाइम लगेच मृत होत नाहीत. ॲसिटिलकोलीनचे विघटन करणारा एन्झाइम आपले काम चालू ठेवतो, त्यामुळे ॲसिटिलकोलीन झपाट्याने घटते. गाबाचे उलट होते. ग्लुटामेटपासून गाबा तयार करणाऱ्या एन्झाइमला प्राणवायू लागत नाही. गाबाची विल्हेवाट लावणारा मार्ग मात्र प्राणवायूवर अवलंबून असल्याने खुंटतो. निर्मिती चालू व निर्गमन बंद, अशा स्थितीत पहिल्या काही मिनिटांतच गाबा वाढतो. औषधाचा एक थेंबही न दिलेल्या उंदरातही हेच घडते.

वाचकांना यात शार्ङ्गधराने सांगितलेली सवीर्यतेची मर्यादा आठवेल. चूर्ण दोन महिन्यांनंतर हीनवीर्य होते. आसवे मात्र जुनी होतील तशी गुणवान होतात. काळ एकच, परंतु द्रव्यानुसार त्याचे फळ वेगळे. मेंदूच्या ऊतीलाही ‘विलंबाने सर्व काही नासते’ हा सरसकट नियम लावता येत नाही. काही घटक घटतात, काही वाढतात, तर कित्येक प्रथिने बराच काळ टिकतात.

हा दोष टाळण्यासाठी १९७० च्या दशकात खास यंत्रे प्रचारात आली. त्यांत प्राण्याच्या डोक्यावर सूक्ष्मतरंगांचा तीव्र झोत एक-दोन सेकंद सोडतात. मेंदू क्षणात तापून त्यातील एन्झाइम निष्क्रिय होतात. यंत्र महाग असल्यामुळे अनेक ठिकाणी मेंदू हाताने काढून द्रव नायट्रोजनमध्ये टाकतात. त्यालाही आमची हरकत नाही, मात्र दोन्ही गटांना सारखाच वेळ लागला पाहिजे. सकाळी ताज्या हाताने नियंत्रित गट उरकला आणि दुपारी थकल्या हाताने औषधाचा गट हाताळला, तर त्या थकव्याचे श्रेय ब्राह्मीला मिळते! (बाजारातील ब्राह्मी पुष्कळदा मंडूकपर्णी असते, हा प्रश्न वेगळाच.)

मानवी मेंदूच्या बाबतीत विलंब मिनिटांचा नसून तासांचा असतो. तरीही त्यातून खरे ज्ञान मिळाले आहे. व्हिएन्ना येथे एहरिंगर व हॉर्नीकिविच यांनी १९६० मध्ये कंपवाताच्या मृत रुग्णांच्या मेंदूतील ठरावीक केंद्रांत डोपामिन अतिशय कमी असल्याचे दाखविले. तुलनेचे मेंदूही शवविच्छेदनातूनच आलेले होते, म्हणजे विलंब दोन्हीकडे होता. आणि आढळलेली घट किरकोळ नव्हती. १९६१ मध्ये लेव्होडोपा रुग्णांना देण्यात आले. हेच द्रव्य कपिकच्छूच्या, म्हणजे आपल्या खाजकुहिलीच्या, बियांतून दामोदरन व रामस्वामी यांनी १९३७ मध्येच वेगळे केले होते.

केवळ तास मोजूनही भागत नाही. स्पोक्स यांनी १९७९ मध्ये दाखविले, की गाबा तयार करणारा एन्झाइम दीर्घ आजाराने मृत्यू पावलेल्यांत आकस्मिक मृत्यू आलेल्यांपेक्षा बराच कमी आढळतो. ॲसिटिलकोलीन तयार करणाऱ्या एन्झाइमवर तसा परिणाम दिसत नाही. शवशोधनासाठी दीर्घव्याधीने पीडित नसलेले शरीर घ्यावे, असे सुश्रुतानेही सांगितले आहे. त्यावरून त्यास रसायनशास्त्र ज्ञात होते असे म्हणणे आम्हांस योग्य वाटत नाही. त्याला रचना पाहावयाची होती, म्हणूनच प्रेत सात रात्री पाण्यात ठेवणे त्यास चालले.

आपल्या जिल्ह्यात वैशाखात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि खेड्यातून प्रेत शवविच्छेदनगृहापर्यंत येण्यातच कित्येक तास जातात. कवटीतील मेंदू सावकाश निवतो, आणि उष्णतेत तर हे बदल अधिकच वेगाने होतात. अशा ऊतीतून रचनेचा बोध होईल, विषाचा शोधही लागेल. गाबाच्या आकड्याला मात्र आधार उरणार नाही. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत १९९५ पासून मानवी मेंदू-ऊतींचा संग्रह आहे. तेथील संशोधकांनी मरणोत्तर अंतरानुसार प्रथिने कितपत टिकतात याचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध केला. भारतीय परिस्थितीतील असे काम आपल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी अवश्य वाचावे.

औषधनिर्मात्यांनी प्रयोगशाळेकडून अहवाल घेताना मेंदू किती सेकंदांत व कोणत्या रीतीने गोठविला, दोन्ही गटांतील प्राणी आलटून पालटून घेतले होते काय आणि मोजणाऱ्यास गट ठाऊक होता काय, हे लेखी मागावे. उत्तर न मिळाल्यास तो आकडा पत्रकावर छापू नये. चुंबकीय अनुनाद तंत्राने आता जिवंत माणसाच्या मेंदूतील गाबाही मोजता येतो. मेध्य योगांसाठी ते खर्चिक ठरेल, परंतु तेथे हा विलंबाचा प्रश्न उद्भवत नाही.