हिवाळ्यातील प्रवास आणि मोटारीची सिद्धता

पदार्थाचे गुणधर्म तापमानानुसार बदलतात, हे आपण शाळेत शिकतो. पाणी गोठते, तेल घट्ट होते, वायू आकुंचन पावतो, रबर ताठर बनते. हे नियम पाठ करण्यास सोपे आहेत. परंतु एखादी मोटार पहाटेच्या वेळी हिमाच्छादित घाटात उभी असेल, तर हेच नियम तिच्या प्रत्येक भागावर एकाच वेळी अंमल गाजवू लागतात. त्यांची ओळख ज्याने आधीच करून घेतली असेल, त्याचा प्रवास सुखाचा होतो. ज्याने घेतली नसेल, त्याच्या जिवावरही बेतू शकते.

दख्खनच्या पठारावर किंवा कोकणात राहणाऱ्या माणसाला या विषयाची निकड सहसा जाणवत नाही. महाबळेश्वरी वेण्णा तलावाच्या काठी एखाद्या हिवाळ्यात दवबिंदू गोठले, तर तेवढीच वार्ता होते. तथापि हिमाचल प्रदेश, काश्मीर, लडाख, उत्तराखंड व सिक्कीम या प्रदेशांत हिवाळ्यातील हिम हा नित्याचाच प्रकार आहे. ३ ऑक्टोबर २०२० रोजी मनालीनजीकचा ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाला आणि लाहौलचे खोरे हिवाळ्यातही मोटारीच्या टप्प्यात आले. ३,९७८ मीटर उंचीची रोहतांग खिंड ओलांडण्याची गरज त्यामुळे उरली नाही; परंतु बोगद्याच्या तोंडापर्यंतचा रस्ता हिमातूनच जातो. मनाली सुमारे २,०५० मीटर उंचीवर आहे आणि बोगद्याचे दक्षिण द्वार सुमारे ३,०६० मीटर उंचीवर. दर हजार मीटर चढास तापमान सरासरीने साडेसहा अंश सेल्सिअस उतरते. म्हणजे मनालीत पाऊस पडत असताना अवघ्या पंचवीस किलोमीटरांवर रस्ता गोठलेला असू शकतो. २०२४ च्या डिसेंबरात सोलंग आणि बोगदा यांच्या दरम्यान शेकडो वाहने अशाच हिमात अडकून पडली होती. अशा रस्त्यावर जाण्यापूर्वी मोटारीची कोणती तयारी करावी आणि ती का करावी, याचा विचार आता क्रमाने करू.

शीतक द्रव

एंजिनात इंधन जळते तेव्हा निर्माण होणारी उष्णता वाहून नेण्यासाठी त्याच्याभोवती द्रव खेळविलेला असतो. हा द्रव रेडिएटरमध्ये येऊन थंड होतो व पुन्हा एंजिनाकडे जातो. आपल्याकडील उष्ण हवामानात अनेक जण रेडिएटरमध्ये साधे पाणी ओततात आणि त्यावर मोटार चालतेही. मात्र हिमप्रदेशात हीच सवय घातक ठरते.

बहुतेक पदार्थ गोठताना आकुंचन पावतात. पाणी मात्र प्रसरण पावते. शंभर घनसेंटिमीटर पाण्याचे सुमारे १०९ घनसेंटिमीटर बर्फ होते. बंदिस्त जागेत या वाढीला वाव मिळत नाही आणि तिचा दाब इतका प्रचंड असतो की रेडिएटरच्या नळ्या फुटतात, क्वचित एंजिनाच्या ओतीव धातूलाही तडा जातो. एका रात्रीच्या थंडीने एंजिन निकामी होते ते असे.

यावरील उपाय म्हणजे पाण्यात एथिलीन ग्लायकॉल हा द्रव मिसळणे. विद्राव्य पदार्थ मिसळल्याने द्रवाचा गोठणबिंदू खाली उतरतो, या नियमाचाच हा उपयोग होय. पाणी व ग्लायकॉल समभाग घेतल्यास मिश्रण सुमारे उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. शुद्ध ग्लायकॉल स्वतः सुमारे उणे १३ अंशांवरच गोठते. पाणी आणि ग्लायकॉल यांचे रेणू परस्परांना स्फटिकरचनेत बसू देत नाहीत, म्हणून मिश्रण दोहोंपेक्षा अधिक थंडी सोसते. "जास्त घातले की जास्त संरक्षण" ही समजूत त्यामुळे चुकीची ठरते. उत्पादकाने सांगितलेले प्रमाणच पाळावे. हा द्रव चवीला गोड पण विषारी असतो. तो मुलांच्या व पाळीव जनावरांच्या हाती लागू देऊ नये.

बॅटरी

मोटारीच्या बॅटरीत शिशाच्या पट्ट्या व सौम्य गंधकाम्ल असते. त्यांच्यातील रासायनिक क्रियेतून वीज मिळते आणि रासायनिक क्रिया थंडीत मंदावतात. उणे १८ अंशांच्या सुमारास बॅटरीची क्षमता साधारण निम्मी होते. त्याच वेळी घट्ट झालेल्या तेलामुळे एंजिन फिरविण्यास अधिक शक्ती लागते. मिळकत घटावी आणि खर्च वाढावा, अशीच ही स्थिती असते. पुण्यात कसाबसा सेल्फ घेणारी जुनी बॅटरी केलाँगला पहिल्याच पहाटे मान टाकते, याचे कारण हेच.

आणखी एक धोका आहे. पूर्ण भारित बॅटरीतील आम्ल दाट असते आणि ते उणे ५० अंशांच्याही खाली जाईपर्यंत गोठत नाही. परंतु बॅटरी उतरली की आम्लाचे पट्ट्यांशी संयोग होऊन मागे बहुतांशी पाणीच उरते. ते उणे ८ अंशांच्या आसपास गोठू शकते. मग बॅटरीचे कवचच फुटते. यास्तव प्रवासापूर्वी बॅटरीची तपासणी करून घ्यावी, तिच्या टोकांवरील पांढरट क्षार पुसून काढावेत आणि रात्री एखादा दिवा चालू राहिला नाही ना, हे पाहावे.

विजेवर चालणाऱ्या मोटारींतील लिथियम-आयन बॅटरीलाही थंडी बाधते. तिचा पल्ला घटतो व ती भारित होण्यास अधिक वेळ लागतो. तरीही त्या मोटारी शीतप्रदेशास अयोग्य आहेत असे नव्हे. नॉर्वेसारख्या देशात २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या दर दहा नव्या मोटारींपैकी सुमारे नऊ विजेच्या होत्या. पल्ल्याचा हिशेब मात्र हात राखून करावा.

वंगण तेल आणि इंधन

मध थंडीत बरणीतून लवकर सुटत नाही, हे सर्वांच्या परिचयाचे आहे. एंजिनातील तेलाचेही तसेच होते. द्रवाच्या वाहण्यास होणाऱ्या अंतर्गत विरोधाला श्यानता म्हणतात आणि ती थंडीत वाढते. तेलाच्या डब्यावर "२० डब्ल्यू-५०" किंवा "५ डब्ल्यू-३०" असे अंक असतात. "डब्ल्यू" हे अक्षर हिवाळा या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे आद्याक्षर होय. त्याआधीचा अंक जितका लहान, तितके तेल अधिक थंडीत वाहते. २० डब्ल्यू तेलाने एंजिन सहज फिरू शकते की नाही, याची कसोटी उणे १५ अंशांवर घेतात. ५ डब्ल्यू तेलाची उणे ३० अंशांवर. मोटारीच्या माहितीपुस्तिकेत जी तेले दिलेली असतील, त्यांतून थंडीस योग्य असे निवडावे.

डिझेलची कथा निराळी आहे. त्यात मेणासारखे घटक विरघळलेले असतात. तापमान उतरताच त्यांचे सूक्ष्म स्फटिक बनतात, प्रथम डिझेल गढूळ दिसते आणि पुढे ते स्फटिक गाळणीत साचून इंधनाची वाटच रोखतात. टाकी भरलेली असूनही एंजिन उपाशी राहते. अशा वेळी टाकीखाली शेकोटी पेटविण्याचा धोकादायक प्रकार हिमालयातील रस्त्यांवर घडत आला आहे. तो कोणीही करू नये. रॉकेल मिसळण्याचा जुना तोडगाही आजच्या नाजूक पंपांना व पिचकाऱ्यांना अपाय करतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये इंडियन ऑइलने लडाखसाठी हिवाळी डिझेल उपलब्ध केले. ते उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहते. मैदानी प्रदेशात भरलेले डिझेल घेऊन वर जाणाऱ्याने ते वेळीच वापरून, थंड प्रदेशातील पंपावर तेथील डिझेल भरून घ्यावे. पेट्रोलला गोठण्याची ही अडचण येत नाही. इंधन कोणतेही असो, टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नये. अडकून पडल्यास तोच आधार असतो.

टायर आणि ब्रेक

बंदिस्त वायूचा दाब त्याच्या निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात बदलतो. समुद्रसपाटीवर २० अंश तापमानात टायरमध्ये ३३ पौंड हवा भरली असे समजू. हा आकडा बाहेरच्या हवेपेक्षा अधिक असलेला दाब दाखवितो. त्यात वातावरणाचा १४.७ पौंड मिळविल्यास खरा दाब ४७.७ पौंड होतो. त्याच ठिकाणी तापमान उणे १० अंश झाले, तर हा दाब २६३ भागिले २९३ या प्रमाणात घटून सुमारे ४२.८ होईल आणि मापक २८ पौंड दाखवील. टायरला कोठेही छिद्र नसताना पाच पौंड हवा कमी झालेली दिसेल. उंचावर वातावरणाचा दाब कमी असल्याने मापकावरील आकडा काही अंशी पुन्हा वाढतो. अशा परस्परविरोधी परिणामांमुळे अंदाज करीत बसण्यात अर्थ नाही. मुक्कामी पोहोचल्यावर, सकाळी, गाडी हलविण्यापूर्वी हवा मोजावी हेच उत्तम.

साध्या टायरचे रबर थंडीत कडक होते व रस्त्याला नीट बिलगत नाही. हिवाळी टायरचे रबर कमी तापमानातही मऊ राहते आणि त्यावरील खाचा हिमात रुततात. हिम दाट असेल तेथे चाकांना लोखंडी साखळ्या बांधाव्यात. एंजिन ज्या चाकांना फिरविते, त्याच चाकांना त्या बांधावयाच्या असतात. त्या बांधण्याचा सराव घरच्या अंगणात करावा. गोठलेल्या बोटांनी अंधारात पहिला धडा घेता येत नाही.

घर्षणाचे महत्त्व एका गणिताने स्पष्ट होईल. ताशी ४० किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला सुमारे ११.१ मीटर. थांबण्याचे अंतर वेगाच्या वर्गाच्या सम प्रमाणात आणि घर्षणांकाच्या व्यस्त प्रमाणात असते. कोरड्या डांबरी रस्त्याचा घर्षणांक ०.७ धरल्यास ब्रेक लागल्यावर मोटार सुमारे ९ मीटरांत थांबते. बर्फाचा घर्षणांक ०.१ धरल्यास तेच अंतर ६३ मीटर होते. ब्रेक कितीही उत्तम असला, तरी तो फक्त चाक थांबवितो. मोटार थांबविते ते घर्षण. वेग निम्मा केला, तर मात्र अंतर एकचतुर्थांश होते. बर्फावर सावकाश चालविणे हीच सर्वांत मोठी सुरक्षा होय, हे यावरून उमगेल. अचानक ब्रेक दाबू नये, सुकाणू झटक्याने वळवू नये आणि उतारावर खालच्या गियरमध्ये एंजिनाच्या रोधाचा उपयोग करावा. डांबरावर पाण्याचा पातळ थर गोठला की तो पारदर्शक दिसतो आणि रस्ता नुसता ओला असल्याचा भास होतो. पूल, सावलीतील वळणे आणि झऱ्यालगतचा भाग येथे विशेष जपावे.

काच आणि मुक्काम

अमेरिकेतील मेरी अँडरसन यांनी १९०३ मध्ये काचपुसणीचे एकस्व मिळविले. हिवाळ्यात समोरचे न दिसणे ही अडचण किती जुनी आहे, याची ही साक्ष आहे. वायपरचे रबर कडक झाले असल्यास बदलावे आणि काच धुण्याच्या पाण्यात न गोठणारे मिश्रण वापरावे. काचेवरील बर्फ प्लास्टिकच्या पट्टीने खरवडावे. त्यावर कढत पाणी ओतू नये. काचेचा एक भाग एकाएकी प्रसरण पावतो, दुसरा थंडच राहतो आणि काच तडकते. रात्री गाडी उभी करताना वायपर उचलून ठेवावेत. ओला हँडब्रेक गोठून अडकण्याचा संभव असतो, म्हणून सपाट जागी गाडी गियरमध्ये ठेवून चाकामागे दगड लावावा.

अडकल्यास काय करावे

ही सर्व तयारी करूनही मार्ग बंद होऊ शकतो. तेव्हा सर्वांत मोठा शत्रू थंडी नसून एक अदृश्य वायू असू शकतो. एंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हीमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी त्याकडे आकृष्ट होते, त्यामुळे शरीराला प्राणवायू मिळेनासा होतो. धुराडे हिमाखाली गाडले गेले आणि ऊब मिळावी म्हणून एंजिन चालू ठेवले, तर हा वायू मोटारीत शिरतो. झोप येते आणि माणूस जागा होत नाही. २०२२ च्या जानेवारीत पाकिस्तानातील मरी येथे हिमवादळात अडकलेल्या मोटारींत वीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. थंडीबरोबरच या वायूचाही त्यात हात असल्याचे त्या वेळी सांगण्यात आले.

म्हणून एंजिन चालू करण्यापूर्वी धुराड्याभोवतीचे हिम फावड्याने दूर करावे. एंजिन सतत न चालविता थोडा वेळच चालवावे आणि त्या वेळी वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची काच किंचित उघडी ठेवावी. डोके दुखू लागले, मळमळले किंवा गुंगी आली, तर तत्काळ एंजिन बंद करून मोकळी हवा घ्यावी. गाडी सोडून हिमात दूर चालत जाऊ नये. फावडे, दोरखंड, विजेरी, ब्लँकेटे, पाणी, कोरडे खाद्य व औषधे या वस्तू डिकीत न ठेवता आत हाताशी ठेवाव्यात, कारण हिमाने डिकी उघडेनाशी होते.

स्वाध्याय

१. प्लास्टिकच्या दोन एकसारख्या वाट्यांपैकी एकीत साधे पाणी व दुसरीत मिठाचे दाट द्रावण घेऊन त्या शीतकपाटाच्या गोठणकप्प्यात ठेवा. कोणते आधी गोठते? का?

२. ताशी २० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार ०.१ घर्षणांकाच्या बर्फावर ब्रेक लागल्यानंतर किती अंतरावर थांबेल, ते काढा.

३. उतरलेली बॅटरी भारित बॅटरीपेक्षा लवकर का गोठते, हे आपल्या शब्दांत लिहा.

४. बंद खोलीत शेगडी पेटवून झोपणे आणि हिमात अडकलेल्या मोटारीत एंजिन चालू ठेवून झोपणे, यांतील साम्य स्पष्ट करा व ते घरातील वडीलधाऱ्यांना समजावून सांगा.