वाऱ्याचा हिशेब

गावगाड्याच्या रचनेत वाऱ्याचा हिशेब फार पूर्वीपासून होता. महाराष्ट्रातील अनेक गावांत महारवाडा गावाच्या पूर्वेस का, याचे उत्तर जुनी माणसे देत असत : वारा बहुधा पश्चिमेचा, तो आधी गावावरून जावा, मग आपल्या वस्तीवर यावा. अस्पृश्यांची वस्ती अशुभ मानलेल्या दक्षिण दिशेस असावी, असा दंडक असल्याची नोंद डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही केली आहे. वारा कोणावरून कोणाकडे जातो याचा विचार झाला होता. तो आपल्या हितासाठी झाला नव्हता, एवढेच. इतिहास शिकविणारे आम्ही स्थापत्यातील एका नव्या विद्येकडे वळलो ते या कारणाने.

याच्या अगदी उलट उदाहरण विनयपिटकात आहे. चुल्लवग्गात सांगितले आहे की, आरंभी विहारांना खिडक्या नव्हत्या. डोळ्यांस त्रास होई, दुर्गंधी येई. भगवान बुद्धांनी तीन प्रकारच्या खिडक्यांना अनुमती दिली : कठड्याची, जाळीची आणि सळ्यांची. पुढे खिडक्यांतून खारी व वटवाघळे आत येऊ लागली, तेव्हा पडद्यांनाही अनुमती मिळाली. आधी बांधावे, अडचण दिसली की सुधारावे, ही रीत तेव्हा योग्यच होती. सिमेंटच्या चार मजली इमारतीत मात्र ती परवडत नाही.

म्हणून बांधण्याआधीच वारा पाहण्याची विद्या आली. तिचे नाव संगणकीय द्रायुगतिकी. द्रायू म्हणजे द्रव आणि वायू, जे जे वाहते ते. इंग्रजी आद्याक्षरांवरून अभियंते तिला सीएफडी म्हणतात. वाहत्या पदार्थाची समीकरणे नाविए आणि स्टोक्स या दोघांच्या नावांनी ओळखली जातात व ती एकोणिसाव्या शतकातील आहेत. ती प्रत्यक्ष इमारतीसाठी हाताने सोडविणे जवळजवळ अशक्य. संगणक युक्ती करतो. खोलीतील मोकळ्या जागेचे तो लाखो लहान घनांत तुकडे पाडतो आणि प्रत्येक घनाचा जमाखर्च मांडतो : किती हवा आली, किती गेली, वेग किती, उष्णता किती. शेजारच्या घनातून जे गेले तेच या घनात आले पाहिजे. सर्व हिशेब जुळेपर्यंत आकडेमोड पुन्हा पुन्हा चालते. मग पडद्यावर रंगांत दिसते की वारा कोठे धावतो, कोठे गिरक्या घेतो आणि कोणत्या कोपऱ्यात कुजत राहतो. या शास्त्रात ‘हवेचे वय’ अशी एक संज्ञा आहे. खिडकीतून आत आलेली हवा एखाद्या जागी पोहोचेपर्यंत किती काळ खोलीत राहिली, ते तिचे वय. हवा जितकी म्हातारी, तितका इतरांचा श्वास तिच्यात अधिक.

ही कल्पना किती जिव्हाळ्याची आहे, ते मुंबईच्या गोवंडी-मानखुर्द भागात दिसले. प्रकल्पांसाठी हटविलेल्या झोपडपट्टीवासीयांना तेथे लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड अशा वसाहतींत घरे मिळाली. पक्की घरे, नळ, संडास. पण इमारती एकमेकींना इतक्या खेटून की खालच्या मजल्यांवर ऊन पोहोचेना, वारा फिरेना. डॉक्टर्स फॉर यू ही संस्था आणि आयआयटी मुंबई येथील संशोधकांनी तेथे अभ्यास केला. तो 2018 मध्ये पुढे आला. दाटीच्या या दोन वसाहतींत क्षयरोगाचे प्रमाण शेजारच्या मोकळ्या रचनेच्या पीएमजीपी वसाहतीपेक्षा बरेच अधिक आढळले, आणि खालच्या मजल्यांवर विशेष. आयआयटीच्याच संशोधकांनी मुंबईतील पुनर्वसनाच्या खोल्यांवर सीएफडी वापरून झरोका कोठे असावा आणि खाट, कपाट कोठे ठेवावे, याचाही विचार केला आहे. कपाट सरकविण्यास पैसे लागत नाहीत, हे गरीब कुटुंबाच्या दृष्टीने मोठेच. पण दोन इमारतींमधील अंतर भाडेकरूला सरकविता येत नाही. ते नकाशावरच ठरते, आणि नकाशा ठरविताना त्याला कोणी विचारत नाही.

आमचा गोंदिया जिल्हा भाताचा आणि तलावांचा. मे महिन्यात अंगाची लाही होते, श्रावणात दमट कोंदटपणा. कवेलूच्या घरात कवेलूंच्या फटींतून तापलेली हवा वर निघून जाई. स्लॅबने गळती थांबविली, पण ती वाटही बुजविली. अशा ठिकाणी समोरासमोर खिडक्या हव्यात. ढोबळ नियम असा की 10 फूट उंच खोलीत एकाच भिंतीला खिडक्या असतील तर बाहेरची हवा 25 फुटांपर्यंतच नीट पोहोचते. समोरही खिडक्या असतील तर 50 फुटांपर्यंत. मच्छरजाळी लावली की वेग घटतो, पण जाळीवाचून आमच्याकडे चालत नाही. खारी-वटवाघळांचा प्रश्न आता डासांचा झाला आहे.

वसतिगृहाच्या एका दालनात तीस-चाळीस मुले झोपतात. एकाला खोकला झाला की आठवड्यात निम्मे दालन खोकते, हे प्रत्येक अधीक्षकास ठाऊक आहे. थंडीत दारे-खिडक्या मिटून घेतल्यावर काय होते, हे तर पालकांनाही सांगावयास नको. तेव्हा शाळेच्या पुढील कोणत्याही बांधकामाआधी आमच्या अभियंता माजी विद्यार्थ्यांनी हा हिशेब करून द्यावा, अशी आमची विनंती आहे. ओपनफोम ही संगणकप्रणाली विनामूल्य मिळते. लागेल तो वेळ आणि अभ्यास. वाऱ्याच्या नोंदी मात्र गोंदियाच्या घ्याव्यात, नागपूर-मुंबईच्या नव्हे, कारण चुकीचा वारा भरला तर संगणक चुकीचेच उत्तर सुबक रंगांत दाखवितो. आणि हिशेब दोनदा करावा : एकदा मे महिन्याच्या दुपारचा, खिडक्या उघड्या ठेवून; एकदा जानेवारीच्या रात्रीचा, खिडक्या बंद, वरचे झरोके उघडे आणि सर्व खाटा भरलेल्या धरून.