सीताफळापासून कॅन्सरच्या पेशीपर्यंत

नीटचा निकाल लागला की उमरखेडच्या कितीतरी घरांत दोन-चार दिवस कुणी कुणाशी धड बोलत नाही. मुलीला नांदेडला ठेवलेलं असतं, सोयाबीन विकून क्लासची फी, खोलीभाडं आणि मेसचे पैसे भरलेले असतात, आणि मार्क एमबीबीएसला पुरत नाहीत. अजून एक ड्रॉप घ्यायचा का, यावर घरात खल सुरू असतो. तेवढ्यात मुलगी दबक्या आवाजात म्हणते, ‘मला बीएस्सी करून कॅन्सरवर संशोधन करायचंय.’ वडील विचारतात, ‘त्यात पोट भरतं का?’

प्रश्न रास्त आहे. पण आधी पुण्यातल्या एका मुलीची गोष्ट सांगतो. कमल समरथ, जन्म 1917. वडील फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्राचे प्राध्यापक. लेकीने डॉक्टर व्हावं, डॉक्टरशीच लग्न करावं, अशी त्यांची इच्छा. कमलताईंनी दोन्ही केलं नाही. गणिती असलेल्या ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी लग्न केलं आणि पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून 1943 मध्ये एमएस्सी केली. विषय होता सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींच्या पेशी आणि गुणसूत्रं! कॅन्सरशी त्याचा दुरूनही संबंध नव्हता. पण पेशीकडे बघायची नजर तयार झाली होती. मुंबईत विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत खानोलकरांच्या हाताखाली त्या कॅन्सरकडे वळल्या, 1949 मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला जॉर्ज गाय यांच्याकडे शिकल्या. हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गाठीतल्या पेशी 1951 मध्ये ज्या प्रयोगशाळेत वाढल्या, तीच ही प्रयोगशाळा. परत येऊन कमलताईंनी मुंबईत ऊतीसंवर्धनाची, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवण्याची प्रयोगशाळा उभारली. 1982 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं.

आज पीएच.डी.चा विद्यार्थी करतो काय? सकाळी 37 अंशांच्या कपाटातून गुलाबी द्रवाची बाटली काढतो, सूक्ष्मदर्शकाखाली धरतो, पेशी तळाला चिकटून वाढताहेत की नाही ते बघतो. दर दोन-तीन दिवसांनी द्रव बदलावा लागतो. रविवार असो की पोळा, पेशींना सुटी कळत नाही. एखाद दिवशी द्रव गढूळ दिसतो. जंतू शिरलेले असतात. महिन्याचं काम फेकून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. हे सोसवत नसेल तर या वाटेला न गेलेलंच बरं.

आपल्या भागात हळद पिकते, तिचंच उदाहरण घ्या. हळदीतलं कर्क्युमिन बशीतल्या कॅन्सरपेशींवर टाकलं तर त्या मरताना दिसतात. पण खाल्लेलं कर्क्युमिन रक्तात फार थोडं उतरतं. म्हणून ‘हळद खा, कॅन्सर जाईल’ असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. बशीतलं यश माणसापर्यंत का पोचत नाही, याचा शोध घेण्यात संशोधकांची वर्षं जातात.

आणि काम आपल्या दारातलंच आहे. पानठेल्यावर तंबाखूचा खर्रा घोटला जातो, पन्नीत बांधून मिळतो, आणि तरणी पोरं तो गालात धरून फिरतात. अशा तंबाखूने होणाऱ्या गाल आणि हिरडीच्या कॅन्सरमध्ये जनुकांत कोणते बिघाड होतात, याची मांडणी भारतीय शास्त्रज्ञांनी 2013 मध्ये प्रसिद्ध केली. त्यात खारघरच्या ॲक्ट्रेकचा, म्हणजे टाटा मेमोरियलच्याच संशोधन केंद्राचा सहभाग होता.

आता पोटाचं. बीएस्सी गावातल्या गावंडे महाविद्यालयासारख्या ठिकाणी होऊ शकते. पुढे एमएस्सी चांगल्या विद्यापीठातून करावी. त्यासाठी आयआयटीची जॅम परीक्षा आहे, नांदेडचं विद्यापीठही जवळ आहे. बारावीनंतर थेट आयसर पुण्याचा पाच वर्षांचा रस्ताही आहे. एमएस्सीनंतर सीएसआयआर-नेट परीक्षेत जेआरएफ, म्हणजे संशोधनाची अधिछात्रवृत्ती, मिळाली की दरमहा 37,000 रुपये, दोन वर्षांनी 42,000, शिवाय नियमानुसार घरभाडं. हे दर 1 जानेवारी 2023 पासूनचे आहेत. म्हणजे पीएच.डी.साठी बापाला वावर विकावं लागत नाही. ॲक्ट्रेक, पुण्याचं राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र या जागा डोळ्यांसमोर ठेवाव्यात. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्याच्या संस्थांच्या पीएच.डी. अधिछात्रवृत्त्याही आहेत, त्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा.

खरं तेही सांगतो. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षं सहज लागतात. कायम प्राध्यापकाच्या जागा थोड्या आणि रखडलेल्या आहेत. औषधकंपन्या आणि तपासणी प्रयोगशाळांत कामं मिळतात, पण त्यासाठी उमरखेड सोडावं लागेल. मुलीच्या लग्नाची घाई असेल तर ही बोलणी आधीच मोकळेपणाने करा. चौथ्या वर्षी शिक्षण सोडायला लावू नका.

आणि दुसऱ्या ड्रॉपची फी भरण्याआधी तिची बारावीची जीवशास्त्राची प्रयोगवही एकदा उघडा. आकृत्या नुसत्या मार्कांपुरत्या उतरवल्यात की रात्री बसून मन लावून काढल्यात, ते तुम्हाला लगेच कळेल. मन लावून काढल्या असतील तर तिला शेजारी बसवा आणि तिला काय करायचंय ते पूर्ण ऐकून घ्या.