न उघडणारी छायाचित्रे : परीक्षा व उपाय

वृक्षारोपण, स्नेहसंमेलन, विद्यार्थ्यांचे हस्तकौशल्य इत्यादींची छायाचित्रे आता मोबाईलवर घेऊन शाळेच्या संगणकावर साठविली जातात. एका यंत्रावर स्पष्ट दिसणारे छायाचित्र दुसऱ्यावर मुळीच उघडत नाही, असा प्रसंग कित्येकदा येतो. अशा वेळी फाइल बिघडली असे समजून ती पुसून टाकण्याची घाई होते व शाळेच्या दप्तरातील एक नोंद कायमची नाहीशी होते. न उघडणारी प्रत्येक फाइल बिघडलेली नसते, हे शिक्षकांनी प्रथम ध्यानी घ्यावे.

कारण

मोडीतील जुना कागद केवळ बाळबोध जाणणाऱ्यास वाचता येत नाही. म्हणून तो कागद निरुपयोगी ठरत नाही. चित्रांच्या फाइलींचेही तसेच आहे. १९९२ साली प्रमाणित झालेली जेपीईजी ही पद्धती बहुतेक सर्व संगणकांस वाचता येते. आयफोनमध्ये मात्र २०१७ साली, आयओएस ११ बरोबर, एचईआयसी ही नवी पद्धती आली. तीत तेच चित्र कमी जागेत मावते. परंतु विंडोज वा लिनक्स संगणकावर आवश्यक ती पुरवणी बसविलेली नसल्यास ते उघडत नाही.

फाइलीच्या नावातील शेवटच्या टिंबापुढील अक्षरे ही केवळ वरची चिठ्ठी होय. मोडी कागदाच्या पाकिटावर 'बाळबोध' असे लिहिल्याने आतील लिपी पालटत नाही. त्याचप्रमाणे 'एचईआयसी' खोडून 'जेपीजी' लिहिल्याने चित्राचे रूपांतर होत नाही; उलट खरी ओळख मात्र झाकली जाते.

परीक्षा

१. फाइलीचा आकार पाहावा. तो शून्य असल्यास नक्कल अपुरी झाली आहे असे समजून मूळ यंत्रावरून ती पुन्हा घ्यावी.

२. नावाच्या आरंभी टिंब व अधोरेषा आहे काय, ते पाहावे. मॅक संगणकावरून पेन ड्राइव्हवर नक्कल करताना अशी एक छोटी फाइल पुष्कळदा सोबत येते. तिच्यात चित्र नसतेच. खरे चित्र त्याच नावाच्या, पण आरंभीची चिन्हे नसलेल्या फाइलीत असते.

३. फाइलीची एक नक्कल करून ती नोटपॅडमध्ये उघडावी. बहुतेक मजकूर अगम्य दिसेल. तथापि आरंभीच 'पीएनजी', 'जीआयएफ', 'वेबपी' किंवा 'एचईआयसी' यांची रोमन अक्षरे पुष्कळदा आढळतात. त्यांवरून खरी पद्धती कळते. नंतर काहीही न साठविता नोटपॅड बंद करावे.

उपाय

ज्या यंत्रावर चित्र उघडते, तेथेच त्याची जेपीईजी प्रत काढावी. मॅकवर 'प्रिव्ह्यू' या कार्यक्रमातील 'एक्स्पोर्ट' या आज्ञेने हे साधते. विंडोजवर मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून एचईआयएफ व एचईव्हीसी या पुरवण्या घेता येतात. पैकी दुसरीस अल्प मूल्य पडू शकते. आयफोनच्या सेटिंग्जमध्ये कॅमेरा, त्यात फॉर्मॅट्स व त्यात 'मोस्ट कम्पॅटिबल' हा पर्याय निवडल्यास पुढील छायाचित्रे जेपीईजी पद्धतीत निघतात. पूर्वीची मात्र आहेत तशीच राहतात.

दक्षता

नवी प्रत उघडून पाहिल्यावाचून मूळ फाइल पुसू नये. प्रत काढताना चित्राची काही सूक्ष्मता उणावू शकते. सबब मूळ फाइलही जपून ठेवावी. पेन ड्राइव्ह एकाएकी उपसून काढू नये. 'इजेक्ट' ही आज्ञा देऊन मगच काढावा. रूपांतर करून देणाऱ्या अनोळखी संकेतस्थळांवर विद्यार्थ्यांची छायाचित्रे कदापि चढवू नयेत. बालकांची ओळख ही शाळेकडे सोपविलेली ठेव आहे.

वर्गपाठ

वरच्या वर्गांत हा विषय प्रयोगाने शिकवावा. झाडाच्या एका चित्राच्या दोन नकला कराव्यात. एकीचे केवळ नाव बदलावे व दुसरीची 'सेव्ह ॲज' या आज्ञेने निराळ्या पद्धतीत प्रत काढावी. दोन्ही नोटपॅडमध्ये उघडून आरंभीच्या अक्षरांची तुलना मुलांकडूनच करवून घ्यावी. नाव व स्वरूप यांतील भेद मुलांस अशा रीतीने स्वतःच्या डोळ्यांनी उमगतो.